स्टार्टर मोटर : बिघाडाचे निदान व दुरुस्ती

स्टार्टर मोटर हे मोटारगाडीचे बंद इंजिन पहिले काही फेरे फिरवून ते सुरू करून देणारे विद्युत चलित्र होय. भारतातील गॅरेजांमध्ये व वाहनचालकांच्या बोलण्यात ते ‘सेल्फ’ या नावाने ओळखले जाते आणि चावी फिरवून इंजिन सुरू करण्याच्या क्रियेस ‘सेल्फ मारणे’ असे म्हणतात. अंतर्ज्वलन इंजिन आपण होऊन सुरू होऊ शकत नाही. हवा आत ओढणे व ती दाबणे ही दोन कामे पहिल्या ज्वलनापूर्वीच व्हावी लागतात आणि त्यांसाठी लागणारी गती बाहेरून द्यावी लागते. ती गती देणे एवढेच स्टार्टरचे काम असते.

कधी एका फटक्यात चालणारा, तर कधी चावी फिरवूनही ढिम्म राहणारा स्टार्टर ही वाहनधारकांची नेहमीची तक्रार आहे. सेल्फ न उचलण्याचे कारण पुष्कळदा मोटरीत नसून बॅटरीत, तारांमध्ये किंवा गंजलेल्या जोडांमध्ये असते. त्यामुळे तपासणी न करता नवा स्टार्टर बसवल्यास खर्च होतो आणि दोष मात्र तसाच राहतो. साधा मल्टीमीटर व काही पाने एवढ्या सामग्रीवर यातील बहुतेक दोषांचे निदान घरी करता येते. प्रस्तुत लेखात १२ व्होल्टच्या मोटारगाडीतील, अंगावरच सोलेनॉइड असलेल्या नेहमीच्या स्टार्टरचा विचार केला आहे.

इतिहास

आरंभीच्या मोटारगाड्या पुढील बाजूने लोखंडी हँडल घालून हाताने फिरवाव्या लागत. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल चालकाच्या हातावर आदळे. मनगटाजवळील हाडाच्या एका विशिष्ट अस्थिभंगास वैद्यकात आजही ‘शोफरचा अस्थिभंग’ म्हणतात, ते यामुळेच. बायरन कार्टर या मोटार उत्पादकास असे हँडल लागून झालेली इजा जिवावर बेतली व त्यामुळे व्यथित होऊन कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निर्धार केला, अशी कथा सांगितली जाते; तिच्या तपशिलांबाबत मतभेद आहेत.

व्यवहारात उतरलेला विद्युत स्टार्टर अमेरिकेतील डेटन येथील अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला व तो १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर बसवण्यात आला. त्याचे एकस्व १९१५ मध्ये मिळाले. केटरिंग यांनी त्यापूर्वी दुकानांतील रोकड-यंत्रासाठी विद्युत मोटर बनवली होती. जी मोटर केवळ काही क्षणच चालायची आहे तिच्यावर तिच्या आकारमानाच्या मानाने पुष्कळ अधिक भार टाकता येतो, हे तत्त्व त्यांनी तेथून येथे आणले. आजच्या स्टार्टरचे सामर्थ्य आणि त्याचे दुबळेपण ही दोन्ही या एकाच तत्त्वातून आलेली आहेत. लहानशी मोटर जड इंजिन फिरवते, परंतु दीर्घकाळ चालवल्यास जळते.

हँडल मात्र लगेच नाहीसे झाले नाही. भारतात अँबॅसेडर व जीप या गाड्यांबरोबर ते दीर्घकाळ दिले जात असे. बॅटरी उतरल्यावर हँडल मारणे किंवा गाडीला धक्का देणे हे त्या पिढीतील चालकांच्या अंगवळणी पडलेले होते.

रचना व कार्य

स्टार्टरमध्ये मुख्यतः चार भाग असतात : मोटर, सोलेनॉइड, पिनियन आणि एकदिश क्लच.

मोटर : ही एकदिश प्रवाहावर चालते. जुन्या पद्धतीच्या मोटरीत चुंबकक्षेत्र निर्माण करणारी वेटोळी व फिरणारे आर्मेचर यांतून एकच प्रवाह एकापाठोपाठ जातो. अशा रचनेत मोटर थांबलेली असताना तिचा पीळ सर्वांत जास्त असतो, आणि थांबलेले इंजिन हलवण्यासाठी नेमके तेच हवे असते. अलीकडील पुष्कळ स्टार्टरांत वेटोळ्यांऐवजी कायम चुंबक असतात व आर्मेचर आणि पिनियन यांच्यामध्ये वेग घटवणारी दंतचक्रे बसवलेली असतात. त्यामुळे मोटर लहान व हलकी होते. आर्मेचरला प्रवाह पोहोचवण्याचे काम तांबे व ग्रॅफाइट यांच्या मिश्रणाचे ब्रश करतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘कार्बन’ म्हणतात. हे कार्बन आर्मेचरच्या टोकाशी असलेल्या, तांब्याच्या पट्ट्यांनी बनलेल्या दिक्परिवर्तकावर स्प्रिंगच्या दाबाने टेकलेले असतात.

सोलेनॉइड : हा स्टार्टरच्या पाठीवरील लहान नळकांड्यासारखा भाग. तो दोन कामे करतो. आतील लोखंडी दट्ट्या ओढून तरफेच्या साहाय्याने तो पिनियन पुढे ढकलतो आणि त्याच हालचालीच्या अखेरीस तांब्याची चकती दोन जाड खुंटांवर दाबून बॅटरीचा प्रवाह मोटरीकडे सोडतो. त्यात दोन वेटोळी असतात. एक दट्ट्या ओढणारे व दुसरे त्यास धरून ठेवणारे. मुख्य संपर्क जुळताच पहिल्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांवरील दाब सारखा होऊन त्यातील प्रवाह थांबतो व पुढे केवळ दुसऱ्या वेटोळ्यावर काम चालते. जर्मन मानकानुसार बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेच्या खुंटास ३० व चावीकडून येणाऱ्या बारीक तारेच्या खुंटास ५० हा क्रमांक असतो. अनेक स्टार्टरांवर हे आकडे कोरलेले आढळतात.

पिनियन व एकदिश क्लच : पिनियन हे सुमारे दहा दात्यांचे छोटे दंतचक्र फ्लायव्हीलवरील शंभराहून अधिक दात्यांच्या रिंग गिअरमध्ये अडकते. त्यामुळे इंजिनाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे दहा ते पंधरा फेरे होतात. इंजिन सुरू झाल्यावर हेच गुणोत्तर उलट दिशेने लागू होऊन इंजिनाने आर्मेचर भिंगरीसारखे फिरवले असते. एकदिश क्लच पिनियनला मोकळे फिरू देऊन हा अनर्थ टाळतो.

लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना साधारणपणे १०० ते २०० अँपिअर प्रवाह घेतो. डिझेल इंजिनातील दाब अधिक असल्याने तेथे प्रवाह याहून जास्त लागतो. गाडीतील दुसरे कोणतेही नेहमीचे उपकरण एवढा प्रवाह घेत नाही. म्हणूनच दिवे, भोंगा व रेडिओ उत्तम चालत असतानाही स्टार्टर न चालणे शक्य असते. ‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

बिघाडाची लक्षणे

चावी फिरवल्यावर होणारा किंवा न होणारा आवाज हा निदानाचा पहिला धागा असतो.

• काहीच आवाज नाही : चावीकडून ५० क्रमांकाच्या खुंटापर्यंत प्रवाह पोहोचत नाही, किंवा सोलेनॉइडचे वेटोळे तुटले आहे. बॅटरीचा जोड पूर्ण सुटलेला असल्यासही असेच घडते, मात्र त्या वेळी डॅशबोर्डवरील दिवेही लागत नाहीत.

• एकच ‘टक्’ असा आवाज : सोलेनॉइडने दट्ट्या ओढला, पण मोटर फिरली नाही. सोलेनॉइडचे जळालेले संपर्क, झिजलेले कार्बन, मुख्य जोडातील मोठा रोध किंवा अडकलेले इंजिन ही याची कारणे होत.

• भराभर ‘टकटकटक’ : हे बहुधा उतरलेल्या बॅटरीचे किंवा सैल जोडाचे लक्षण असते. संपर्क जुळताच दाब कोसळतो, धरून ठेवणारे वेटोळे दट्ट्या सोडते, संपर्क तुटल्यावर दाब पुन्हा वाढतो व हेच चक्र चालू राहते.

• इंजिन रडतरखडत फिरणे : बॅटरी दुर्बल असणे, जोडांत रोध असणे, मोटरीचे बुश झिजून आर्मेचर आतून घासणे किंवा इंजिन जड झालेले असणे.

• मोटर फिरल्याचा नुसता घरघराट, पण इंजिन स्थिर : एकदिश क्लच निकामी झाला आहे, किंवा पिनियन पुढे सरकत नाही.

• दाते घासल्याचा कर्कश आवाज : पिनियन वा रिंग गिअरचे दाते झिजले आहेत, अथवा स्टार्टरचे बोल्ट ढिले आहेत.

• चावी सोडल्यावरही स्टार्टर चालूच राहणे : सोलेनॉइडचे संपर्क एकमेकांस चिकटले आहेत किंवा रिले अडकला आहे. अशा वेळी बॅटरीचा ऋण जोड त्वरित काढावा लागतो. अन्यथा मोटर जळते.

सुरक्षितता

स्टार्टरवरील काम वरकरणी सोपे दिसले तरी त्यात जिवावर बेतणारे दोन-तीन धोके आहेत. पहिला धोका गाडी अचानक चालू लागण्याचा. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला तर ती पुढे झेप घेते. सोलेनॉइडचे खुंट पेचकसाने जोडून स्टार्टर चालवण्याची पद्धत गॅरेजांत दिसते. तीत चावीच्या मंडलातील सर्व सुरक्षा स्विच वगळले जातात व माणूस गाडीखाली किंवा गाडीसमोर असतो. ही पद्धत टाळावी. कोणत्याही चाचणीपूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये किंवा स्वयंचलित गाडीत ‘पार्क’वर असल्याची खात्री करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ओंडके लावावेत.

दुसरा धोका बॅटरीचा. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड तारेवर सामान्यतः फ्यूज नसतो, त्यामुळे तिला पाना टेकून बॉडीशी संपर्क झाल्यास पाना क्षणात लालबुंद होतो. अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना प्रथम ऋण जोड काढावा व जोडताना तो सर्वांत शेवटी जोडावा.

तिसरा धोका गाडीखाली जाण्याचा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. भक्कम आधार देऊनच काम करावे.

निदान

निदानाचा क्रम बॅटरी, जोड व तारा, चावीचे मंडल, सोलेनॉइड आणि अखेरीस मोटर असा ठेवावा. जे तपासण्यास सोपे व बिघडण्यास सोपे ते आधी, हे यामागील सूत्र होय.

बॅटरीची तपासणी : गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या खुंटांवर दाब मोजावा. शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भारित, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ उतरलेली असे स्थूलमानाने समजावे. मात्र हा दाब बॅटरीतील भार सांगतो, तिची ताकद नव्हे. जुनी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवूनही भार पडताच कोसळू शकते. म्हणून खरी परीक्षा इंजिन फिरवताना घ्यावी लागते.

त्यासाठी इंधनपंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी. डिझेल गाडीत याबाबत निर्मात्याच्या पुस्तिकेतील सूचना पाहाव्यात. साहाय्यकास चावी फिरवण्यास सांगून त्या वेळी बॅटरीच्या खुंटांवरील दाब पाहावा. तो ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. १० व्होल्टच्या वर राहिल्यास उत्तम. या एका मापनातून शोधाची दिशा ठरते. इंजिन मंद फिरत असून बॅटरीवरील दाबही कोसळत असेल, तर बॅटरी दुर्बल आहे किंवा मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह घेत आहे; चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी बॅटरी लावून पाहिल्यास या दोहोंतील निवाडा होतो. उलट, इंजिन फिरत नसतानाही दाब ११ व्होल्टच्या वर राहत असेल, तर बॅटरी प्रवाह देण्यास तयार आहे, पण तो वाटेत अडतो आहे.

दिव्याची चाचणी : मल्टीमीटर नसल्यास गाडीच्या आतील दिवा लावून चावी फिरवावी. दिवा तसाच प्रखर राहिला तर प्रवाह मोटरीपर्यंत जात नाही. बराच मंदावला तर बॅटरी दुर्बल आहे किंवा मोटर अडकली आहे. एकदम विझला तर बॅटरीच्या मुख्य जोडात दोष आहे. पुढच्या दिव्यांवर ही चाचणी करू नये, कारण अनेक गाड्यांत इंजिन सुरू करताना ते आपोआप बंद होतात.

दाबपाताची चाचणी : जोडांतील रोध शोधण्याची ही सर्वांत विश्वासार्ह पद्धत होय. मल्टीमीटरने तारेचा रोध थेट मोजण्यात अर्थ नसतो, कारण येथे बाधक ठरणारा रोध अतिशय लहान असतो. जोडात ०.०१ ओहम इतका रोध असला व १५० अँपिअर प्रवाह वाहत असला, तर तेथे १.५ व्होल्ट दाब वाया जातो आणि २२५ वॅट इतकी उष्णता निर्माण होते. ०.०१ ओहम एवढा रोध साध्या मल्टीमीटरवर दिसतही नाही. वाया गेलेला दाब मात्र सहज दिसतो.

यासाठी मल्टीमीटर एकदिश दाबावर ठेवून त्याची टोके पुढीलप्रमाणे टेकवावीत व दर वेळी साहाय्यकाने चावी फिरवावी.

• बॅटरीचा धन खुंट व स्टार्टरचा ३० क्रमांकाचा खुंट : दाब ०.५ व्होल्टहून कमी असावा.

• स्टार्टरचे लोखंडी आवरण व बॅटरीचा ऋण खुंट : ०.२ ते ०.३ व्होल्टहून कमी असावा.

• सोलेनॉइडचे दोन जाड खुंट : संपर्क जुळलेले असताना ०.३ व्होल्टहून कमी असावा.

टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवावीत, त्यावरील क्लॅम्पवर नव्हे. नाहीतर खुंट व क्लॅम्प यांमधील दोष मापनातून निसटतो. उदाहरणार्थ, इंजिन फिरवताना बॅटरीवर ११.४ व्होल्ट आणि स्टार्टरवर ९.० व्होल्ट मिळाले, तर २.४ व्होल्ट वाटेत गमावले जात आहेत. धन बाजूस ०.३ व ऋण बाजूस २.१ व्होल्ट आढळल्यास दोष अर्थिंगच्या पट्टीत आहे, हे निश्चित होते. मोटरीला हात लावण्याची गरजच उरत नाही.

इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्यामुळे ते बॉडीशी किंवा बॅटरीशी जोडण्यासाठी स्वतंत्र अर्थिंगची तार लागते. ती गंजली किंवा सैल झाली, तर प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो व त्या केबली तापतात. सेल्फ मारताना एखादी केबल किंवा जोड गरम लागणे ही म्हणूनच महत्त्वाची खूण आहे. कोकणासारख्या खाऱ्या व दमट हवेच्या प्रदेशात हे जोड लवकर गंजतात.

दोष सापडल्यास जोड सोडवून खुंट व क्लॅम्प तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावेत, घट्ट बसवावेत आणि वरून व्हॅसलिनचा पातळ लेप द्यावा. हिरवट-पांढरे किट्ट खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. तार आवरणाखाली हिरवी पडून तुटत असेल, तर ती बदलावी.

चावीचे मंडल : ‘टक्’ असा आवाजही येत नसेल, तर चावी फिरवलेली असताना ५० क्रमांकाच्या खुंटावर दाब आहे का हे पाहावे. तेथे बॅटरीइतका दाब मिळूनही सोलेनॉइड हलत नसेल आणि स्टार्टरचे अर्थिंग चांगले असेल, तर दोष स्टार्टरमध्ये आहे. दाब नसल्यास मागे मागे जात रिले, फ्यूज, क्लच किंवा न्यूट्रलचा सुरक्षा स्विच, चावीचा स्विच व चोरीप्रतिबंधक यंत्रणा तपासावी. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये किंचित हलवल्यावर किंवा क्लच अधिक दाबल्यावर सेल्फ उचलत असेल, तर सुरक्षा स्विचचा संशय घ्यावा.

अनियमित बिघाडाची खूण : दोष अनियमित असल्यास तो केव्हा उद्भवतो याची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद पडत असेल, तर उष्णतेचा विचार करावा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. ६० अंश अधिक तापलेल्या वेटोळ्याचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो. एक्झॉस्ट पाइपाजवळ असलेला, मुळातच दुबळा झालेला सोलेनॉइड अशा वेळी हार खातो.

स्टार्टरवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर तो चालू होत असेल, तर कार्बन झिजून स्प्रिंगचा दाब अपुरा पडत आहे किंवा सोलेनॉइडचे संपर्क खराब आहेत. ठोकणे ही दुरुस्ती नव्हे, केवळ निदानाची खूण आहे. कायम चुंबकाच्या स्टार्टरवर जोराने ठोकल्यास आतील ठिसूळ चुंबक फुटतात.

इंजिन बंद ठेवून, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून पुढे-मागे ढकलल्यावर सेल्फ उचलत असेल, तर रिंग गिअरच्या झिजलेल्या दात्यांकडे लक्ष द्यावे. इंजिन थांबताना ठरावीक जागीच थांबण्याकडे त्याचा कल असल्याने झीज त्या जागी अधिक होते.

पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन फिरत नसेल, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

स्टार्टर काढणे

वरील सर्व चाचण्यांनंतर दोष स्टार्टरमध्येच असल्याचे निश्चित झाल्यावर तो काढावा. बॅटरीचा ऋण जोड काढण्यापूर्वी रेडिओ किंवा चोरीप्रतिबंधक यंत्रणेचा संकेतांक लागणार असल्यास तो हाताशी ठेवावा. तारा सोडवण्यापूर्वी त्यांच्या जागांचे छायाचित्र घ्यावे. स्टार्टर सहसा दोन किंवा तीन बोल्टांनी गिअरबॉक्सच्या आवरणास जोडलेला असतो. शेवटचा बोल्ट सोडताना त्यास हाताचा आधार द्यावा, कारण तो आकाराच्या मानाने जड असतो. तो निघाल्यावर त्या जागेतून टॉर्चच्या प्रकाशात रिंग गिअरचे दाते तपासून घ्यावेत. मोटर व आवरण यांच्यामध्ये पातळ चकत्या असल्यास त्या जपून ठेवाव्यात. दातांमधील अंतर त्यांच्यावर अवलंबून असते.

सुटे करून तपासणी व दुरुस्ती

आवरणाच्या भागांवर एकमेकांसमोर खुणा करून मगच लांब बोल्ट सोडावेत. सुट्या भागांवरील धूळ कोरड्या ब्रशने काढावी. एकदिश क्लच पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुऊ नये. त्यातील वंगण निघून जाते व तो पुढे लवकर निकामी होतो.

कार्बन : कार्बनची लांबी निर्मात्याच्या मर्यादेहून कमी, किंवा मर्यादा ठाऊक नसल्यास नव्याच्या निम्म्यापर्यंत आली असल्यास सर्व कार्बन एकत्र बदलावेत. ते आपल्या घरांतून सहज सरकले पाहिजेत. काही स्टार्टरांत कार्बनची वेणीदार तार डाख देऊन जोडलेली असते. तेथे मोठा सोल्डरिंग आयर्न लागतो. डाख वेणीत फार वर चढल्यास ती ताठ होते व कार्बन अडकतो.

दिक्परिवर्तक : काळा पडलेला दिक्परिवर्तक बारीक काचपेपरने पुसून घ्यावा. एमरी पेपर वापरू नये. त्याचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधील अभ्रक तांब्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असावे. चर पडले असल्यास किंवा पृष्ठभाग लंबगोल झाला असल्यास तो लेथवर कातून घ्यावा लागतो.

आर्मेचर : मल्टीमीटरने दिक्परिवर्तकाची प्रत्येक पट्टी व दांडा यांच्यामध्ये जोड नाही आणि शेजारच्या पट्ट्यांमध्ये जोड आहे, याची खात्री करावी. पट्टी दांड्याशी जोडली गेल्याचे आढळल्यास आर्मेचर निकामी समजावे. वेटोळ्यांतील आंतरिक शॉर्ट साध्या मल्टीमीटरने ओळखता येत नाही. त्यासाठी आर्मेचर बांधणाऱ्या कारागिराकडील उपकरण लागते. आर्मेचरच्या लोखंडी अंगावर घासल्याचे चकचकीत पट्टे दिसत असल्यास बुश झिजले आहेत. नवे सच्छिद्र ब्राँझचे बुश बसवण्यापूर्वी तेलात भिजवून ठेवावेत.

सोलेनॉइड : दट्ट्या हाताने दाबून सोडल्यावर तो न अडकता परत आला पाहिजे. संपर्क जळून खड्डे पडले असल्यास आणि झाकण उघडता येत असल्यास चकती व खुंट बदलता येतात. झाकण कायमचे बंद असलेल्या प्रकारात पूर्ण सोलेनॉइडच बदलावा.

पिनियन व क्लच : पिनियन एका दिशेस मोकळे फिरावे व दुसऱ्या दिशेस आर्मेचरसह घट्ट धरावे. दोन्ही दिशांस फिरत असल्यास क्लच बदलावा. दांड्यावरील चक्राकार खाचांना हलकेसे ग्रीस लावावे. कार्बन व दिक्परिवर्तक यांना मात्र तेलाचा वा ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये.

जोडणी व अंतिम चाचणी

जुळवलेला स्टार्टर गाडीवर चढवण्यापूर्वी शेगड्यात पक्का धरून जंप केबलीने क्षणभर चालवून पाहावा. धन केबल ३० क्रमांकाच्या खुंटास व ऋण केबल आवरणास जोडून ५० क्रमांकाच्या खुंटास धन दाब दिल्यावर पिनियन झटक्याने पुढे येऊन मोटर एकसारख्या आवाजात फिरली पाहिजे. पहिल्या झटक्यात मोटरीस उसळी बसते, म्हणून ती हातात धरू नये. भाराविना ती फार वेगाने फिरते, त्यामुळे ही चाचणी काही सेकंदांपुरतीच असावी.

स्टार्टर बसवताना गिअरबॉक्सच्या आवरणावरील त्याची बैठक स्वच्छ करावी, कारण अर्थिंग तेथूनच मिळते. सर्व जोड पूर्ण झाल्यावर बॅटरीवरील दाब व दाबपात पुन्हा मोजून पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. आकडे सुधारले, तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येते.

देखभाल

एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. इंजिन फिरत असूनही सुरू होत नसेल, तर दोष इंधनात वा ठिणगीत असतो. तेव्हा स्टार्टर दामटल्याने तो जळण्यापलीकडे काही साधत नाही. बॅटरीचे जोड वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, स्वच्छ करावेत. दुर्बल बॅटरी दीर्घकाळ वापरल्यास सोलेनॉइडचे संपर्क ठिणग्यांनी जळतात, म्हणजे एका स्वस्त दुर्लक्षातून दुसरा महाग दोष निर्माण होतो.

मर्यादा

आर्मेचर जळलेले असल्यास किंवा चुंबक फुटले असल्यास घरगुती दुरुस्ती परवडत नाही. तेथे पुनर्बांधणी केलेला वा नवा स्टार्टर घेणे योग्य. रिंग गिअर बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने तेही गॅरेजचेच काम होय. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांत अधिक टिकाऊ बनावटीचा स्टार्टर व विशेष बॅटरी असते. त्यांच्या जागी साधे भाग बसवू नयेत. अनेक संकरित गाड्यांत इंजिन फिरवण्याचे काम उच्च दाबाची मोटर करते. तिला वरील पद्धती लागू होत नाहीत व अप्रशिक्षित व्यक्तीने ती उघडणे प्राणघातक ठरू शकते.

दुचाकींवरील स्टार्टर आकाराने लहान असतो व त्याचा रिले सहसा बॅटरीजवळ वेगळा बसवलेला असतो. पिनियन पुढे ढकलण्याची रचना त्यांत सहसा नसते आणि एकदिश क्लच इंजिनाच्या आत असतो. बॅटरी, जोड, रिले आणि मग मोटर हा तपासणीचा क्रम मात्र तेथेही तोच राहतो.